मागं बघ, पोरी

फोन आला तेव्हा मी अंगणात सीताफळं निवडत बसले होते. डोळे उघडलेली एका बाजूला, अजून कच्ची दुसऱ्या बाजूला. फोन रमेशचा होता, संभाजीनगरच्या दवाखान्यातून. "काकू..." एवढंच म्हणाला आणि पुढे बोललाच नाही. फोनमधून दवाखान्याचा आवाज तेवढा येत राहिला. कुणीतरी चाकाची गाडी ढकलत नेत होतं, कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारत होतं. मी आपली "हां, हां" म्हणत राहिले, जसं काही तो सांगतोय आणि मी ऐकतेय. मग त्यानंच फोन ठेवला. रमेश म्हणजे माझ्या मोठ्या जावेचा मुलगा. आणि गेली ती माझी जाऊ, आक्का. माझ्या हातात एक सीताफळ होतं. ते कोणत्या बाजूला ठेवायचं ते मला कळेना. ते हातात धरूनच मी बराच वेळ बसले.

त्याला आता दीड महिना झाला. घरी भेटायला येणारी माणसं यायची थांबली. जो तो म्हणून गेला की बाईला जास्त तकलीफ झाली नाही, कळायच्या आत सुटली. "कळायच्या आत" हे शब्द ऐकले की मी उठून आत जाते. आक्काच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या हातून झाली आहे, म्हणजे आम्हा सगळ्यांच्याच हातून, आणि ती घरात कुणाला बोलून दाखवता येत नाही, कारण जो तो त्यात आहे. चार माणसांत बोलायची मला कधी सवय नाही. म्हणून लिहिते आहे.

लग्न होऊन मी धारूरला आले तेव्हा या घरात शिवणाची दोन यंत्रं होती. एकावर माझे मालक, एकावर भाऊजी, म्हणजे आक्काचे मालक. दुकान पुढच्या खोलीत, संसार मागच्या दोन खोल्यांत. काज-बटण आक्का हातानं करायची. मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची, मांडीवर शर्ट, सुई चाललेली. तिच्या डोक्याचं तेल लागून त्या भिंतीवर एक काळपट गोल डाग पडला आहे. चुना कितीदा दिला, पण डाग वर येतोच. आक्का कधी शाळेत गेली नव्हती, पण तिची काजं एकसारखी असायची, मापून घेतल्यासारखी. आणि तिला कशाचं म्हणून भय नव्हतं. विंचू चिमट्यानं धरून बाहेर टाकायची. गल्लीत कुणी बाई गेली तर आंघोळ घालायला आधी आक्काला बोलावणं यायचं. मी भिऊन उंबऱ्याच्या आतच उभी, आणि ही हात धुऊन येऊन म्हणायची, "चहा ठिव गं मंदे, थंडीनं बोटं आखडली."

अशा बाईला एकाच गोष्टीचं भय होतं आणि त्याच गोष्टीचं वेड होतं. भुताचे पिक्चर.

पहिला मी तिच्याबरोबरच बघितला. जत्रेत तंबूचं थेटर आलं होतं. मधोमध पडदा बांधलेला, पुढच्या बाजूला गडीमाणसं आणि मागच्या बाजूला आम्ही बाया. पडदा पातळ, त्यामुळे मागूनही सगळं दिसायचं, फक्त उलटं. पिक्चरातली माणसं डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं प्रसाद घ्यायची. सुरुवातीला नावं आली ती मी वाचायला गेले, तर सगळी अक्षरं उलटी. मला एक ओळ लागेना. आक्का खो खो हसली. "चौथी शिकलेल्या बाई, आता तू आन मी सारख्याच की!"

पिक्चर काय होता ते मला पुढे आठवत नाही. एवढंच आठवतं की एक तरणी पोर आरशापुढे बसून केस विंचरत होती. काहीतरी गुणगुणत होती. तिच्या पाठीमागे लाकडी कपाट होतं, आणि त्याचं दार हळूहळू उघडत होतं. आरसा तिच्या तोंडापुरता लहान, त्यात कपाट काही दिसत नव्हतं. बायांमध्ये एकदम शांत झालं. लेकरं रडायची थांबली. मी पदर डोळ्यांवर घेतला. आणि शेजारून आक्का ताडकन उभी राहिली. "मागं बघ, पोरी! अगं माय, मागं बघ!"

पडद्याच्या पलीकडून एक गडी ओरडला, "वयनी, तिला ऐकू येत न्हाई! थेटरवाल्याला सांगा!" सगळा तंबू हसायला लागला. आक्का खाली बसली, पण तिचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट होता की घरी आल्यावर बघितलं तर बोटं उमटली होती. वाटेनं भाऊजी पुढे चालत होते. त्यांनी आवाज ओळखलाच होता. मागे न बघता म्हणाले, "आता साऱ्या धारूरला कळलं, टेलरची बायकू भुताशी भांडती म्हणून."

"भुताशी कावून भांडू?" आक्का म्हणाली. "त्या पोरीला सांगायलते."

पुढे घरात टीव्ही आला. दुपारी कामं आटोपली की आक्का काजं घेऊन भिंतीशी बसायची आणि समोर टीव्ही लावायची. रिमोट पोरांच्या हाती लागण्याआधी भुताचं काही लागतंय का ते ती बघून घ्यायची. मी तिच्या शेजारी बटणं लावत बसायची. भीतीची जागा आली की मी मान खाली घालायची आणि तिच्या हाताकडे बघायची. सुई चालत असली म्हणजे अजून वेळ आहे. सुई थांबली म्हणजे आता काहीतरी होणार. सुई पुन्हा चालू झाली की मी मान वर करायची, तोवर भूत येऊन गेलेलं असायचं. इतक्या वर्षांत मी पडद्यावर भुतं फार थोडी बघितली. मी आक्काची सुई बघितली.

हे मला फार उशिरा ध्यानात आलं, की भूत पडद्यावर यायच्या आधी तिची सुई थांबायची आणि भूत आलं की चालू व्हायची. आम्हा बाकीच्यांचं उलटं. भूत आलं की आम्ही ओरडायचो, आणि ती दातानं दोरा तोडायची.

रमेश तेव्हा कॉलेजात होता. त्याला आईची फार गंमत वाटायची. एकदा त्यानं रिमोट घेऊन टीव्हीचा आवाजच बंद केला. म्हणाला, "बघ आता, आई. वाजवणं बंद केलं की भ्याव खलास. तोंडाला पीठ लावलेला माणूस हाय निस्ता." आणि खरंच, आवाज गेल्यावर तो लांब नखांचा माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायला लागला. आम्ही हसलो. आक्काही हसली. पण थोड्या वेळानं पडद्यावर एक बाई कंदील घेऊन जिना उतरायला लागली, एकटी, आवाज नाहीच, आणि मी बघितलं तर आक्काची सुई थांबलेली.

"आता कशाला भ्यालीस?" रमेशनं विचारलं. "आवाज बी न्हाई, भूत बी न्हाई."

"भूत आल्यावर कशाचं भ्याव? आलं म्हंजी संपलं की. मंग ती वरडंल, पळंल, मरंल न्हाईतर वाचंल. तिचं तिला कळलं." आक्का पडद्यावरची नजर न काढता बोलत होती. "आता बघ की. ती आपली शाणी, चार पायऱ्या उतरायली. खाली कोण बसलंय ते तिला ठावं न्हाई आन आपल्याला ठावं हाय. आपण हितं चौघं-पाच जण बसून नुसतं बघायलो. कुणी सांगंना. सांगितलं तर तिला ऐकू जाईना. ह्येच खरं भ्याव, दुसरं काय न्हाई."

"मग बघतीस कावून? बंद कर."

"बंद कसं करू?" आक्का म्हणाली. "मी न्हाई बघितलं तर ती एकलीच ऱ्हाईल की तिथं."

रमेश हसत हसत बाहेर गेला. मीही तेव्हा हसलेच असेन. आक्काचं काहीतरीच, म्हणून.

भाऊजी गेले ते एका सकाळी, यंत्रावर बसल्या बसल्या. पायाखाली यंत्र अजून हलत होतं. त्यानंतर आक्कानं कुंकू सोडलं, बांगड्या सोडल्या, पण काजं सोडली नाहीत. पुढच्या साली तिच्या धाकट्या बहिणीच्या, कमळच्या, मुलाचं लग्न निघालं. कमळ गेवराईकडे तलवाड्याला दिलेली. आई लवकर गेली म्हणून आक्कानंच तिला लहानाची मोठी केलेली, कडेवर घेऊन शेतात जायची म्हणे. लग्नाला आम्ही दोघी दोन दिवस आधी गेलो. आक्कानं घरची हळद स्वतः जात्यावर दळून नेली होती. नवरदेवाला हळद लावायच्या वेळी ती बोटं भरून पुढे झाली. मावशी म्हणून तिचा पहिला हात. तेव्हा कमळ तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आक्के, तू जराक बाजूला बस." विधवेचा हात हळदीला नको, म्हणून. मी तिथेच उभी होते. आक्का मागे सरकली. बाजूला बसली, बोटं तशीच भरलेली, मांडीवर उलटी ठेवून. संध्याकाळच्या एसटीनं आम्ही परत आलो. मांजरसुंब्याला गाडी बदलताना मी तिला पाणी दिलं, म्हटलं हात धुवा. तिनं हात धुतला नाही. त्यानंतर नऊ वर्षं ती तलवाड्याला गेली नाही आणि कमळचं नाव घेतलं नाही. कमळही आली नाही. दोघी एकाच आईच्या.

या पावसाळ्यात आक्काच्या पोटात दुखायला लागलं. आधी धारूरला दाखवलं, मग बीडला, मग संभाजीनगरला. सगळ्या तपासण्या झाल्या. आक्का आत पलंगावर होती आणि आम्ही बाहेर जिन्याजवळ उभे होतो. रमेश, त्याची बायको आणि मी. डॉक्टरांनी रमेशला जे सांगितलं ते त्यानं आम्हाला सांगितलं. कुठला आजार, कुठपर्यंत गेला, किती दिवस. दिवस थोडे होते. मग तो म्हणाला, "काकू, आईला कळू द्यायचं न्हाई. तिनं धसका घेतला तर आज जायची ती उद्या जाईल..." बोलताना त्याचं उलटसुलट झालं, पण आम्हाला कळलं. तो रडत होता. मी मान डोलावली. आमच्याकडे असंच करतात. माझ्या सासऱ्यांनाही सांगितलं नव्हतं, माझ्या आईलाही नव्हतं. आजाऱ्याला आजार सांगत नाहीत, घरातल्या बाकी सगळ्यांना सांगतात. त्यात वाईट काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. मायाच वाटली.

परत येताना गाडीत आक्का खिडकीशी होती, मी शेजारी. गेवराईच्या आसपास तलवाड्याचा फाटा लागतो. आक्कानं बाहेर बघत विचारलं, "रम्या, हितून तलवाडा किती लांब रं?"

मला वाटलं मी चुकून ऐकलं. नऊ वर्षांनी तिच्या तोंडून ते गाव आलं होतं.

"जवळच हाय. कावून?" रमेश म्हणाला.

"न्हाई, म्हणलं कमळीला बघून जावं. दवाखान्याचं हाय म्हणून सांगता येतंय... न्हाईतर तिला वाटंल, मीच नमले."

रमेशनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी रमेशकडे बघितलं. "आता नको आई, तू दमलीस," तो म्हणाला. "बरी झालीस की जाऊ. ऐटीत जाऊ, लुगडं-बिगडं घिऊन."

"व्हय, तसं बी बरं," आक्का म्हणाली. फाटा मागे गेला.

मी बोलायला हवं होतं. थांब म्हणायला हवं होतं. मागच्या सीटवरून एक शब्द. पण ज्या घरात तीस-चाळीस वर्षं मी कुणाला थांब म्हटलं नाही, तिथे त्या दिवशी कुठून म्हणणार होते.

घरी आल्यावर सगळ्यांचं ठरलं. कमळला इतक्यात कळवायचं नाही. नऊ वर्षांत न आलेली बहीण एकदम दारात उभी राहिली तर आक्काला कळणारच की आपलं काही खरं नाही. जरा सुधारणा होऊ दे, मग सहज आल्यासारखी बोलावू, असं रमेश म्हणाला. सुधारणा होणार नाही हे त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक. म्हणजे आक्काला जी एक गोष्ट हवी होती, तीच आम्ही तिच्या भल्यासाठी लांब ठेवली. आता लिहिताना ते इतकं सरळ दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

काही दिवसांनी दुपारी आक्का भिंतीशी काजं करत बसली होती. नको म्हटलं तरी ऐकायची नाही. म्हणाली, "मंदे, ती दवाखान्याची फाईल आण. वाच काय लिव्हलंय." मी आणली. सगळं इंग्रजी. मी एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आतड्याला सूज हाय म्हणून लिव्हलंय. औषधानं उतरंल."

आक्का म्हणाली, "इंग्रजी कवा शिकलीस गं?"

मी हसायला गेले. "रमेशनं सांगितलं व्हतं, तेच म्हणलं."

मी मान वर केली नाही. जुन्या सवयीनं तिच्या हाताकडे बघितलं. सुई थांबली होती. अर्ध्या काजात, कापडातून निम्मी वर आलेली. किती वेळ ते सांगता येत नाही. मग दोरा ओढल्याचा आवाज आला आणि सुई पुन्हा चालू झाली. "सूज उतरली की बरं," आक्का म्हणाली. "सीताफळं आली की कमळीकडं जाईन. तिकडं आपल्यासारखी सीताफळं कुठं."

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की मी त्या तंबूत बसले आहे. आक्का माझ्यापुढे हिंडत होती, भाजी निवडत होती, सुनेला रागवत होती, आणि तिच्या पाठीमागे जे उभं होतं ते तिला सोडून सगळ्या घराला दिसत होतं. आम्ही जेवताना हसायचो. टीव्ही लावायचो. आत जाऊन डोळे पुसायचो आणि बाहेर येऊन आक्काला म्हणायचो, आज तोंडावर तेज आहे.

सीताफळं आली. बालाघाटाच्या उतारावर आमची थोडी झाडं आहेत. पहिली पाटी आली तेव्हा आक्कानं स्वतः निवडली, डोळे उघडलेली पण कडक अशी, आणि गोणपाटात भुसकट घालून ठेवली. "दोन दिवसांनी जाऊ." दोन दिवसांनी तिला उठवेना. सीताफळ काही थांबत नाही. पिकली, फुटायला लागली, आम्ही खाल्ली. दुसरी पाटी भरली, तीही तशीच. तिसरी पाटी भरताना ती फक्त बसून बोट दाखवत होती आणि मी निवडत होते. "ते नको, ते डागाळलंय. कमळी डागाळलेलं टाकून देती, लहानपणापासनं लाडाची."

त्याच सुमारास मी एकदा कमळला फोन लावला. घरात कुणी नव्हतं. नंबर रमेशच्या वहीत होता. तिनं उचलला, "कोण?" म्हणाली. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. पुन्हा म्हणाली, "कोण बोलायलंय?" आणि मी फोन ठेवला. मी काय सांगणार होते? तुझी बहीण चालली, ये, आणि येऊन असं दाखव की ती चालली नाही? मी लाजरी आहे असं सगळे म्हणतात. लाजरी हा शब्द किती बरा वाटतो ऐकायला.

आणखी एक दुपार आहे. आक्काला हात वर करवेना म्हणून मी तिचे केस विंचरत होते. ती पुढे, मी मागे. केस किती उरले होते... फणी सरळ जात होती. आक्का डोळे मिटून काहीतरी गुणगुणत होती, जात्यावरचंच काहीतरी, तिची आई म्हणायची ते. मला एकदम ती पिक्चरातली पोर आठवली आणि माझा हात थांबला. पोरीच्या मागे कपाट होतं. आक्काच्या मागे मी होते. एवढ्या जवळ होते की नुसतं कुजबुजले असते तरी ऐकू गेलं असतं. मध्ये काच नव्हती, पडदा नव्हता.

"काय झालं गं?" आक्का म्हणाली. "दमलीस का?"

"न्हाई. गुंता हाय."

"येवढ्याशा केसांत कुठला गुंता," ती म्हणाली आणि पुन्हा गुणगुणायला लागली. मी विंचरत राहिले.

चार दिवसांनी तिला जास्त झालं. सकाळीच गाडी आणली. गाडीत आडवं झोपवायचं म्हणून मला जागा नव्हती. दोघांनी धरून तिला आत ठेवलं. मी दारात वाकून पायांवरची चादर सारखी करत होते. ती म्हणाली, "मंदे, ती पाटी पिकली तर माझी वाट बघू नको. खाऊन टाका." मी म्हटलं, "तुमी या, मंग बघू." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. पूर्वीसारखा घट्ट नव्हता.

ती वाट बघू नको का म्हणाली, याचा मी रोज विचार करते. कधी वाटतं, नासून जातील म्हणून सहज म्हणाली असेल. कधी ती थांबलेली सुई आठवते. तिला त्या दिवशीच कळलं असेल का? आणि आम्ही सगळे इतकं जीव तोडून लपवतोय हे बघून, पोरांना वाईट वाटेल म्हणून, तीच गप्प बसली असेल का? तसं असेल तर पडद्याच्या एका बाजूला आम्ही बसलो होतो आणि दुसऱ्या बाजूला ती, आणि दोन्हीकडून एकमेकांना बघत होतो. रमेशला मी नंतर विचारलं, जाताना तलवाड्याचा फाटा लागला तेव्हा ती काय म्हणाली. तो म्हणाला, झोपली होती. खरं सांगतोय की मला बरं वाटावं म्हणून सांगतोय, आता ओळखता येत नाही. आमच्या घराला तशी सवय लागली आहे.

रमेशचा फोन आला त्या दिवशी कमळला मीच कळवलं. या वेळी बोलले. ती आली तेव्हा आक्काला अंगणात ठेवलेलं होतं. कमळ पायाशी बसली. रडली नाही. आधी विचारलं, "कवापासनं आजारी व्हती?"

मी म्हणाले, "पावसाळ्यापासनं."

"मंग मला कावून सांगितलं न्हाई?" तिनं एकेकाकडे बघितलं. रमेशनं तोंड फिरवलं. "मी भांडाय आले असते व्हय? मी हळदीच्या वक्ताला माझ्या सासूच्या भ्यावानं बोलले व्हते. नऊ वर्षं झाली, तेच सांगायचं ऱ्हायलंय मला तिला. आता कुणाला सांगू?" मग माझा हात धरून म्हणाली, "वयनी, तिनं माझं नाव तरी काढलं का?"

मी तिला आत नेलं आणि गोणपाट उघडून दाखवलं. तिसरी पाटी. सगळी पिकून फुटली होती, भुसकटाला चिकटली होती. कमळनं त्यातलं एक उचललं, ते हातातच दोन भाग झालं. ती तिथेच खाली बसली आणि तेव्हा रडली.

मधल्या खोलीत आता मी एकटी बसते. यंत्रावर रमेश असतो, काजं आता दुकानात यंत्रानं होतात. आक्काचा शेवटचा शर्ट खुंटीला तसाच आहे. पाच काजं झालेली, सहावं अर्धं, त्यात सुई टोचलेली. सूनबाई एकदा म्हणाली, काकू, तेवढं पुरं करून देता का, गिऱ्हाईक विचारून गेलं. मी म्हटलं, त्याला दुसरा शिवून द्या. भिंतीवरचा डोक्याचा डाग आहे तिथे मी टेकत नाही, थोडी बाजूला बसते.

काल दुपारी टीव्हीवर तसला एक पिक्चर लागला. मी बंद करणार होते. एक पोरगी घरात एकटी, ताट वाढून घेत होती, पाठमोरी. स्वयंपाकघराचं दार हळूहळू उघडायला लागलं. माझा हात पदराकडे गेला. शेजारी बघितलं तर शर्ट खुंटीला, सुई कधीची थांबलेली. मी पदर खाली सोडला.

"मागं बघ, पोरी," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. पुढच्या खोलीतलं यंत्र थांबलं. रमेश दारात येऊन उभा राहिला. पोरीनं ताटात भात घेतला, वरण घेतलं. तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्याकडे बघत शेवटपर्यंत बसून राहिले.